सुई टोचण्याआधी गाठीचे नाव कळू द्या

प्रश्न : माझी धाकटी बहीण ३३ वर्षांची आहे. तिचे सासर यावल तालुक्यात आहे, घरी केळीची शेती आहे, दोन मुले आहेत. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ती माहेरी अमळनेरला आली, तेव्हा खापरावरच्या पुरणपोळीचे आणि आमरसाचे जेवण झाल्यावर तिच्या उजव्या बरगडीखाली दुखू लागले. पित्ताचे खडे असतील म्हणून सोनोग्राफी केली. खडे निघाले नाहीत, पण यकृताच्या सहाव्या सेगमेंटमध्ये ५.८ सेंटिमीटरची गाठ आणि थोडे फॅटी लिव्हर निघाले. लगेच सीटी स्कॅन केला. त्याच्या रिपोर्टात शेवटी 'एचसीसी, ॲडेनोमा किंवा एफएनएच' असे लिहिले आहे. रक्तातील एएफपी ३.२ आहे, कावीळ ब आणि क दोन्ही निगेटिव्ह आहेत. एक डॉक्टर म्हणतात, सुई घालून गाठीतले पाणी-पेशी काढून तपासू. दुसरे म्हणतात, वेळ न दवडता ऑपरेशन करा. पाळी अनियमित होती म्हणून ती सात वर्षांपासून गर्भनिरोधक गोळ्या घेते आहे, आणि सासरचे लोक आता त्यावरून तिला बोल लावतात. सासूबाईंना तिसरे नातवंड हवे आहे. एका वैदूने गाठ विरघळवणारा काढा दिला आहे. बहिणीचे वजन ७१ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. तिला आम्ही अजून 'गाठ' हा शब्द सांगितलेला नाही, 'सूज आहे' एवढेच सांगितले आहे. आम्ही काय करावे?
— एक भाऊ, अमळनेर

उत्तर :

भाऊ,

तुमचे पत्र आणि सोबतच्या फिल्मांचे फोटो मी दोनदा पाहिले. सर्वात आधी मला तुमच्या शेवटच्या वाक्याविषयी लिहायचे आहे. गाठ तिच्या पोटात आहे, आणि घरातले सगळे ते जाणतात. ती आत आली की तुमचे बोलणे थांबत असेल, हे न लिहिताही मला कळते. तिच्या जागी राहून विचार करा. सूज म्हणून सांगितले आणि मग एकामागून एक तपासण्यांना नेले, तर माणूस मनात कर्करोगच धरून बसतो. तिला आजच सांगा की यकृतात एक गाठ आहे, ती कोणत्या जातीची आहे हे अजून ठरलेले नाही, आणि हाती आलेल्या कागदांवरून ती साधी असण्याची शक्यता बरीच अधिक आहे. या तिन्हींपैकी एकही विधान खोटे नाही.

आता त्या रिपोर्टाच्या शेवटच्या ओळीकडे येते, कारण तुमच्या घरातली झोप तिनेच उडवलेली दिसते. एचसीसी म्हणजे यकृताच्या पेशींचा कर्करोग, हे खरे आहे. परंतु रेडिओलॉजिस्ट जेव्हा तीन नावे लिहितो तेव्हा तो एवढेच सांगत असतो की, 'माझ्यासमोरच्या चित्रांवरून या तिन्हींपैकी एकही मला वगळता आलेले नाही.' एचसीसी बहुतेक वेळा आधीच खराब झालेल्या यकृतात होतो. जुनी कावीळ ब किंवा क, दारू, चरबीमुळे वर्षानुवर्षे चाललेली जळजळ आणि त्यातून आलेला सिऱ्होसिस, म्हणजे व्रणांनी कडक झालेले यकृत, ही त्याची नेहमीची जमीन असते. तुमच्या बहिणीला कावीळ नाही, सिऱ्होसिसचे एकही लक्षण रिपोर्टात नाही, एएफपी, म्हणजे या कर्करोगात पुष्कळदा वाढणारे रक्तातले प्रथिन, अगदी कमी आहे. एवढ्यावरून कर्करोग नाहीच असे मात्र मी लिहिणार नाही, कारण फायब्रोलॅमेलर नावाचा एक विरळा कर्करोग तरुण माणसाच्या निरोगी यकृतातच होतो आणि त्यात एएफपी बहुधा वाढत नाही. तो फार क्वचित आढळतो. पण त्याच्याचसाठी पुढची तपासणी अर्धवट करून चालत नाही.

यकृतातील साध्या गाठींत सर्वाधिक आढळते ती हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचे गाठोडे. ती इतकी नेहमीची आहे की दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती सापडते आणि बहुतेकींना जन्मभर तिचा काही त्रास होत नाही. त्याखालोखाल येते फोकल नोड्युलर हायपरप्लेशिया, जिला तुमच्या रिपोर्टात एफएनएच म्हटले आहे. त्यानंतर पुष्कळ कमी प्रमाणात आढळणारी ॲडेनोमा. या तिन्ही गाठी स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक दिसतात. तिन्हींना आपण मराठीत एकाच 'गाठ' या शब्दाने ओळखतो आणि सगळा घोळ तिथेच होतो, कारण पहिल्या दोघींना सहसा काहीच करावे लागत नाही, आणि तिसरीला वेळेवर हात घातला नाही तर ती फुटून रक्तस्राव होऊ शकतो किंवा थोड्या जणींत पुढे कर्करोगात बदलू शकते. म्हणून सुई आणि सुरी या दोन्हींच्या आधी गाठीचे नाव कळले पाहिजे, आणि ते कळण्याचा चांगला मार्ग आज चित्रांचा आहे.

तुमच्याकडच्या चित्रांत काय राहून गेले ते सांगते. यकृताला रक्त दोन वाटांनी येते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येते आणि उरलेले यकृताच्या धमनीतून. गाठी मात्र बहुतांशी धमनीच्या रक्तावर पोसतात. पाटाला पाणी सोडल्यावर कोणता वाफा आधी भिजतो आणि कोणता उशिरा, यावरून शेतकऱ्याला जमिनीचा उतार कळतो. तसे हाताच्या शिरेत कॉन्ट्रास्ट औषध सोडल्यावर गाठ कधी उजळते आणि कधी फिकी पडते, यावरून तिची जात कळते. त्यासाठी औषधाआधी एकदा, मग साधारण अर्ध्या मिनिटाने धमनीच्या टप्प्यात, सव्वा मिनिटाच्या आसपास पोर्टल टप्प्यात आणि काही मिनिटांनी उशिराच्या टप्प्यात, अशी चार वेळा चित्रे घ्यावी लागतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत फक्त पोर्टल टप्पा आहे. पोटदुखीच्या तपासणीसाठी एवढे पुष्कळदा पुरते, पण यकृतातल्या गाठीचे नाव सांगायला ते पुरत नाही. तिथल्या रेडिओलॉजिस्टने तीन नावे लिहिली ती याचमुळे, आणि त्याने ते प्रामाणिकपणे केले आहे.

चारही टप्पे असते तर हिमँजिओमा कडेकडेने ठिपक्याठिपक्यांनी उजळत सावकाश मध्याकडे भरत गेलेली दिसली असती. एफएनएच धमनीच्या टप्प्यात एकदम आणि सगळीकडून सारखी उजळते, जणू कोणी दिवा लावला. पुढच्या टप्प्यात ती भोवतीच्या यकृतात अशी मिसळून जाते की शोधावी लागते. तिच्या मधोमध बहुधा एक व्रणासारखी रेघ असते, तिच्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा बाहेर जातात, आणि हा व्रण सगळ्यात शेवटी उजळतो. ॲडेनोमाही धमनीच्या टप्प्यात उजळते, परंतु तिच्या पोटात चरबी किंवा जुन्या रक्तस्रावाचे डाग असू शकतात, त्यामुळे ती कबरी दिसते. कर्करोगाची गाठ आधी उजळते आणि नंतर धुऊन काढल्यासारखी आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळी पडते. या वर्णनाला अपवाद आहेत, आणि ते ओळखायलाच अनुभवी डोळा लागतो.

तेव्हा पहिली पायरी ही की, बहिणीचा यकृताचा एमआरआय करून घ्या, आणि तो यकृतासाठीच्या खास कॉन्ट्रास्ट औषधासह. त्याचे नाव गॅडोक्सेटेट. ते नेहमीच्या औषधापेक्षा महाग आहे आणि प्रत्येक केंद्रात ठेवलेले नसते, म्हणून वेळ घेतानाच फोनवर विचारा की हे औषध मागवून ठेवता येईल का. त्याचा गुण असा की यकृताच्या निरोगी पेशी ते आत ओढून घेतात आणि पित्तात टाकतात. औषध दिल्यावर सुमारे वीस मिनिटांनी घेतलेल्या चित्रात निरोगी यकृत पांढरे दिसते. एफएनएचमध्ये पेशी काम करणाऱ्याच असतात, पण पित्त बाहेर नेण्याची नीट वाट नसते, त्यामुळे औषध तिथे साठते आणि गाठ यकृताइतकी किंवा त्याहून अधिक पांढरी राहते. ॲडेनोमा बहुतेक वेळा काळी दिसते. या एका चित्राने तुमच्या यादीतली दोन नावे पुष्कळदा वेगळी होतात. तपासणीआधी क्रिएटिनीन करून मूत्रपिंडे ठीक असल्याची खात्री करतात. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र घरीच ठेवून जायला सांगा. यंत्राच्या दाराशी जोडवी निघत नाहीत म्हणून खोळंबलेल्या बाया मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

सुईविषयी तुम्ही विचारले आहे, आणि इथे मी थोडी सविस्तर लिहीन. मी शिकत असताना एका रुग्णालयात अशाच वयाची एक स्त्री दाखल झाली होती. गाठ सोनोग्राफीत दिसली, आणि त्याच दिवशी सुई घातली गेली. दोन तासांनी तिचा चेहरा पांढराफटक पडला, नाडी पळू लागली आणि हातपाय गार पडले. गाठीतून पोटात रक्त जात होते. रात्री धमनीतून नळी घालून ती शाखा बंद केली, तेव्हा ती वाचली. तिसऱ्या दिवशी सुईचा अहवाल आला, त्यात लिहिले होते : 'यकृताच्या सर्वसाधारण पेशी.' तो अहवाल चुकीचा नव्हता. ॲडेनोमाच्या पेशी दिसायला जवळजवळ यकृताच्या पेशींसारख्याच असतात, आणि बारीक सुईने ओढलेल्या चार सुट्या पेशींवरून त्या ओळखणे कठीण असते. एवढा धोका पत्करून हाती काहीच लागले नव्हते. तो कागद हातात धरून उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला काय सांगावे, हे आमच्यापैकी कोणालाच सुचत नव्हते.

शिवाय आपल्याकडे मेंढ्या-शेळ्या आणि कुत्र्यांचा सहवास असलेल्या घरांत यकृतात हायडॅटिडची, म्हणजे एका जंतामुळे होणारी, पाण्याची गाठ आढळते. तिला नकळत सुई लागली तर आतले पाणी पोटात सांडून जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, आणि जंताची पिल्ले पोटभर पसरतात. तुमच्या बहिणीची गाठ भरीव आहे, त्यामुळे तिला हे लागू नाही. पण चित्र पुरते झाल्याशिवाय यकृतात सुई घालू नये, हा नियम का पाळायचा त्याचे हे दुसरे कारण. एमआरआय होऊनही नाव ठरले नाही, तर बायोप्सी जरूर करावी. ती बारीक सुईची नसावी, तुकडा निघेल अशा जाड सुईची असावी. ती सुई मध्ये निरोगी यकृताचा थोडा भाग ओलांडून गाठीत जावी, म्हणजे टोचल्या जागेवर दाब राहतो. आणि ती अशा ठिकाणी व्हावी जिथे रक्तस्राव झालाच तर धमनी बंद करण्याची सोय त्याच इमारतीत आहे.

तुकडा मिळाल्यावर पॅथॉलॉजिस्ट नुसत्या नेहमीच्या रंगावर थांबत नाही, थांबू नये. ग्लुटामिन सिंथेटेज नावाच्या प्रथिनाचा रंग दिला की एफएनएचची काच दुर्बिणीखाली नकाशासारखी दिसते, रुंद आणि एकमेकींना जोडलेल्या तपकिरी पट्ट्यांची. एकदा ते पाहिले की विसरत नाही. ॲडेनोमात तशा पट्ट्या नसतात. पोर्टल शीर, धमनी आणि पित्तनलिका यांचे जे त्रिकूट यकृतात ठिकठिकाणी असते ते तिच्यात सापडत नाही, आणि एकट्यादुकट्या धमन्या मधूनच फिरताना दिसतात. ॲडेनोमा ठरली तर तिची पोटजातही शोधतात. एका पोटजातीत गाठीत चरबी भरलेली असते आणि कर्करोगाचा धोका फार कमी असतो. दुसरी दाहक जात, जी वजन जास्त असलेल्या आणि दारू घेणाऱ्यांत अधिक आढळते आणि जिच्यात रक्तातला सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारे प्रथिन, वाढू शकतो. तिसरीत बीटा-कॅटेनिन नावाच्या जनुकाच्या ठरावीक भागात बदल झालेला असतो. कर्करोगात रूपांतर होण्याची भीती मुख्यतः या जातीची. रिपोर्टात या नावांपैकी काही आले तर विशेषज्ञाला त्याचा अर्थ विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.

आता उपचार. एफएनएच ठरली तर तिला काढू नका. ती कर्करोगात बदलत नाही, फुटणे अत्यंत दुर्मीळ, आणि आकार मोठा असला तरी त्या एका कारणावरून ऑपरेशन करायचे नसते. दुखणे कदाचित पित्ताचे, आम्लाचे किंवा त्या जेवणाचेच असेल. गाठ सापडली म्हणून दुखण्याचे सगळे ओझे तिच्यावर टाकण्याची घाई आम्ही डॉक्टरही करतो.

ॲडेनोमा ठरली तर हिशेब वेगळा. युरोपातील यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार स्त्रीने इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या बंद कराव्यात, वजन कमी करावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करावा. तेव्हाही गाठ पाच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी राहिली, किंवा तिचा व्यास वीस टक्क्यांहून अधिक वाढला, तर ती काढावी. बीटा-कॅटेनिनची जात निघाली तर आकार कितीही असला तरी काढावी. पुरुषात ॲडेनोमा सापडली तर आकाराची वाट पाहत नाहीत, कारण त्यांच्यात कर्करोगाचा धोका बराच अधिक असतो. हे मी व्यायामशाळेत स्नायू वाढवण्याची इंजेक्शने घेणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठीही लिहिते, कारण त्या इंजेक्शनांनीही ॲडेनोमा होते. सर्व ॲडेनोमांचा एकत्रित विचार केला तर शंभरात सुमारे चार ते पाच गाठी कर्करोगात बदलतात, आणि पाच सेंटिमीटरच्या पुढे रक्तस्रावाचा धोका वाढतो. तुमच्या बहिणीची गाठ ५.८ आहे. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी घाई केली ती अकारण नव्हती. पण गोळ्या थांबवल्यावर या गाठी लहान होतात, काही तर दिसेनाशा होतात, आणि ५.८ ची ४.५ झाली तर तिचे पोट उघडण्याची गरजच उरत नाही. या सहा महिन्यांत तिचे वजन सहा-सात किलो उतरले तर फॅटी लिव्हरलाही लाभ होईल. पहाटे मळ्यावर चालत जाणे आणि शेवभाजीवरची तर्री सोडणे यांनी सुरुवात होऊ शकते.

याखेरीज काही विरळा गाठी आहेत, ज्यांची नावे एमआरआयच्या अहवालात आली तर तुम्ही घाबरून जाऊ नये. अँजिओमायोलिपोमा ही रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची मिळून होते. चरबीमुळे ती चित्रात कर्करोगासारखी भासू शकते, आणि तुकड्यावर एचएमबी-४५ हा रंग आला की ओळख पटते. म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम ही कप्प्याकप्प्यांची पाण्याची गाठ जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांत होते. तिच्यातले पाणी काढून टाकले तर ती पुन्हा भरते, आणि पुढे कर्करोगात बदलण्याची शक्यता असल्याने ती समूळ काढावी लागते. दाहक छद्मगाठ तापाने आणि वजन घटण्याने येते आणि काही वेळा नुसत्या स्टिरॉइडने विरघळते. ती कर्करोग समजून यकृताचा मोठा भाग काढला गेल्याची उदाहरणे आहेत. पित्तनलिकांच्या बारीक बारीक हॅमार्टोमा, म्हणजे त्यांच्याच पेशींच्या साध्या गाठी, एखाद्याच्या यकृतभर पसरलेल्या असतात आणि सोनोग्राफीत दुसरीकडून पसरलेल्या कर्करोगासारख्या वाटतात. एमआरआयमध्ये त्या चांदण्यांनी भरलेल्या आभाळासारख्या दिसतात आणि प्रश्न मिटतो.

गोळ्यांवरून बोल लावणाऱ्यांना तुम्ही माझे हे परिच्छेद वाचून दाखवा. गर्भनिरोधक गोळी अमेरिकेत १९६० साली आली आणि १९७३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या गोळ्यांचा आणि यकृतातील साध्या गाठींचा संबंध प्रथम मांडला गेला. तेव्हाच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त असे. दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांतही ॲडेनोमाचे प्रमाण लाखात तीन-चार इतकेच सांगितले जाते. संबंध आहे, पण तो इतका विरळा आहे की गोळी घेणाऱ्या बाकीच्यांनी ती भीतीपोटी फेकून देऊ नये. तुमच्या बहिणीने त्या पाळीच्या त्रासासाठी, डॉक्टरांनी लिहून दिल्या म्हणून सुरू केल्या. चूक झाली असेल तर ती एवढीच की सात वर्षे त्या मेडिकलवरून सरळ आणल्या गेल्या आणि मधे कोणी तपासले नाही. आणि त्या तिच्यासाठी घरातले कोणी ना कोणी आणत होतेच.

या गोळ्या तिने आता थांबवाव्यात, एमआरआयची वाट न पाहता, पण स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून आणि दुसरी सोय करून. गाठ नंतर एफएनएच निघाली तर गोळ्यांवर कायमची बंदी नाही. तोवर हार्मोन नसलेली कॉपर-टी चालेल, आणि पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी हाही पर्याय आहे, जो आपल्याकडे चर्चेतसुद्धा येत नाही. तिला हेही विचारा की कानबाईच्या सणाच्या वेळी किंवा लग्नकार्यात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या तिने किती वेळा घेतल्या. त्या गोळ्यांत बहुधा इस्ट्रोजेन नसते आणि चार-आठ दिवसांपुरत्या घेतल्याने गाठ झाली असे मी म्हणणार नाही, परंतु डॉक्टरांपुढच्या कागदावर त्यांची नोंद असावी. हा प्रश्न तिला भावाने विचारण्यापेक्षा वहिनीने किंवा आईने विचारला तर उत्तर खरे येईल.

तिसऱ्या मुलाविषयी : गाठीचे नाव कळेपर्यंत थांबा. एफएनएच किंवा हिमँजिओमा असेल तर गर्भधारणेला आडकाठी नाही. मोठी ॲडेनोमा असेल तर गरोदरपणात ती वाढून फुटण्याचा धोका असतो, म्हणून ती आधी काढून मग गर्भधारणेचा विचार करतात. पाच सेंटिमीटरच्या आतली असेल तर दर सहा ते बारा आठवड्यांनी सोनोग्राफी करत नऊ महिने पार पाडता येतात. मूल हवे की नको हे मात्र तिला विचारा. पत्रात सासूबाईंची इच्छा आहे, तिची नाही.

ऑपरेशनची वेळ आलीच, तर त्याचे भय एका बाजूने कमी करता येईल. यकृताचे आठ भाग मानतात आणि प्रत्येकाला आपापली रक्ताची वाट असते, म्हणून बाकीच्यांना धक्का न लावता एक भाग काढता येतो. सहावा सेगमेंट उजवीकडे खालच्या-मागच्या बाजूला असतो, तिथवर अनुभवी हात दुर्बिणीनेही पोचतो. निरोगी यकृत उरलेल्या भागातून पुन्हा वाढते. पण हे काम रोज पित्ताशय काढणाऱ्या शल्यचिकित्सकाचे नव्हे. यकृताचीच ऑपरेशने नेहमी करणाऱ्याकडे जा, आणि वर्षाला तुम्ही किती करता, हे विचारायला लाजू नका. जळगावच्या आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून प्राथमिक मत आणि पुढची चिठ्ठी घेता येईल. मुंबईला परळच्या केईएम रुग्णालयात किंवा टाटा मेमोरियलमध्ये अशा गाठींवर एकत्र बसून निर्णय घेणारे रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि सर्जन मिळतील. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, ते योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून भरती होण्याआधीच विचारा.

तोवरच्या काळजीबद्दल. वैदूचा काढा बंद करा. यकृतातील गाठ विरघळवणारी वनस्पती मला माहीत नाही, आणि यकृताला इजा करणाऱ्या मात्र माहीत आहेत. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी केली आहे. बेंबी सरकली म्हणून कोणाकडून पोट चोळून घेऊ नये. केळीचे घड उचलणे, पोटावर दाब येईल असे ओझे वाहणे नाव ठरेपर्यंत टाळावे. आणि अचानक उजव्या बाजूला किंवा पोटभर जोराची कळ आली, उजवा खांदा दुखू लागला, घेरी आली, थंड घाम सुटला, तर गाठ फुटली आहे असे धरून चाला. अशा वेळी गावातल्या दवाखान्यात सलाईन लावत बसू नका; १०८ ला फोन करा आणि तापी ओलांडून भुसावळ किंवा जळगावला, रक्तपेढी आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात पोचा, आणि दारातच सांगा की यकृतात गाठ आहे. ही सूचना घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी मुलांनासुद्धा माहीत असू द्या, कारण दुपारी सगळे मळ्यावर असतात.

एमआरआय झाला की फिल्मांबरोबर सीडीही मागून घ्या, कारण पुढचा डॉक्टर ती संगणकावर टप्प्याटप्प्याने पाहील. मोबाईलवर काढलेल्या फोटोंत मला आज जे दिसले नाही ते त्याला दिसेल. जुना सीटीही सोबत ठेवा. आणि पुढचे पत्र शक्य असेल तर बहिणीने स्वतः लिहावे. तिला कुठे दुखते, कधी दुखते, आणि तिला काय विचारायचे आहे, ते तुमच्या पत्रात कुठेच आलेले नाही.